काउलिंग बसवून बघा

मा. उड्डाणयोग्यता अधिकारी,
डीजीसीए, नवी दिल्ली, आणि प्रादेशिक कार्यालयांतले त्यांचे सर्व सहकारी यांस,



पत्रास कारण एका रबराच्या पट्टीचं. तीन बोटं रुंद, वीतभर लांब, नारिंगी सिलिकॉन रबर. ती चुकीच्या बाजूला दुमडली म्हणून एक नवंकोरं विमान अडीच महिने तापत राहिलं. त्या काळात विमान ज्यांनी ज्यांनी तपासलं त्या सगळ्यांनी, मी धरून, ती पट्टी डोळ्यांनी पाहिली होती आणि ‘ठीक’ म्हटलं होतं. आपल्यापैकी कुणाला ना कुणाला उद्या एखाद्या हौशी माणसाने स्वतः बांधलेलं विमान तपासायला जावं लागेल. त्याआधी हे कानावर घालावं, असं वाटलं. बांधणाऱ्यांच्याही हाती पडावं म्हणून पत्र पाकिटात घातलेलं नाही.

मी विमानाच्या इंजिनांचा मेकॅनिक. सदतीस वर्षं नोकरी झाली. नोकरीत हाताखालून गेलेली विमानं कंपनीतून बांधून आलेली असायची. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनावरच्या आवरणात, हवा कुठून शिरणार, कुठून निघणार, हे कुणीतरी कधीच ठरवून, मोजून, सही करून मोकळं झालेलं असे. आमचं काम ते बिघडू न देण्याचं. घरी बांधलेल्या विमानात ते ठरवणारा माणूस आपणच असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेही ओहायोत, पुतण्याच्या हँगरमध्ये.

पुतण्या डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं गाव. त्याने सहा वर्षं गॅरेजमध्ये दोन माणसांचं, पूर्ण पत्र्याचं विमान किटमधून बांधलं. इंजिन नवं, लायकमिंग ओ-३२०, १६० हॉर्सपॉवर. तिथे अशा विमानाला उड्डाणाचं प्रमाणपत्र मिळतं, पण आधी ठरवून दिलेल्या टापूतच ठरावीक तास उडवून दाखवायचं असतं. इंजिन आणि पंखा यांची जोडी आधीच प्रमाणित असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४०. पहिल्या उड्डाणाला मी मुद्दाम गेलो. सकाळची १२ अंशांची हवा होती. मी गवतावर खुर्ची टाकून, हातात रेडिओ धरून बसलो. चाकं सुटून पुरती तीन मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात आवाज आला, “काका, तीन नंबर दोनशे एकतीस.”

तिथले आकडे फॅरेनहाइटमध्ये असतात. मी इथे आपल्या सवयीचे लिहितो. ओ-३२० च्या सिलिंडर हेडची शेवटची मर्यादा २६० अंश. पण ती मर्यादा म्हणजे दरीचा काठ. शहाणा माणूस काठावरून गाडी हाकत नाही. इंजिनाने वर्षानुवर्षं साथ द्यावी असं वाटत असेल तर २०५ च्या खाली राहायचं, हा तिथल्या लोकांचा अंगवळणी पडलेला आकडा. अॅल्युमिनियम वितळण्याच्या कितीतरी आधीच मऊ पडायला लागतं. पुतण्याने नाक खाली घेतलं, पॉवर कमी केली आणि नवव्या मिनिटाला उतरला. एक नंबर १९८, दोन २०९, चार २१४ आणि तीन २३१. लायकमिंगमध्ये वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर पुढचा उजवा एक नंबर, पुढचा डावा दोन, मागचा उजवा तीन, मागचा डावा चार. तेव्हा दुखणं उजव्या हाताला, मागच्या कोपऱ्यात.

आता इथे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक घाट बसलेला असतो. कसाऱ्यात किंवा खंबाटकीत गाडी तापली की बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, वारा लागू द्यायचा. विमानाच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे शहाणपण उलटं लागू पडतं. काउलिंग हे त्याचं नुसतं झाकण नाही, ते त्याच्या थंड होण्याचं यंत्रच आहे. पुढच्या दोन भोकांतून हवा शिरते आणि सिलिंडरांच्या वरच्या खोलीत कोंडली जाते. खालच्या खोलीत दाब कमी असतो. वरच्या दाबाची हवा खाली जायला वाट शोधते आणि तिला एकच वाट ठेवलेली असते, सिलिंडरच्या फिनांमधली, म्हणजे पातळ पात्यांमधली. ती तिथून पिळवटून निघते, उष्णता घेते आणि खालच्या तोंडातून बाहेर पडते. वरची खोली आणि खालची खोली वेगळी ठेवणाऱ्या पत्र्याच्या भिंती म्हणजे बॅफल. पत्रा काउलिंगला टेकवता येत नाही, कारण इंजिन हलतं, काउलिंगला घासून भोक पडेल. म्हणून पत्र्याच्या काठाला रबराची पट्टी लावतात. पट्टी वरच्या खोलीच्या बाजूला झुकलेली हवी. मग दाब तिला काउलिंगवर दाबून धरतो, पाण्याच्या पंपातल्या चामड्याच्या वायसरसारखा. ती उलट बाजूला दुमडली तर तोच दाब तिला उघडत नेतो. हवा आळशी असते. बोटभर फट मिळाली तर फिनांतून जाण्याचे कष्ट ती कशाला घेईल?

म्हणूनच काउलिंग काढून इंजिन जमिनीवर चालवणं म्हणजे त्याला गार करणं नव्हे. वरची खोलीच उरत नाही, हवा सिलिंडरवरून वाहून जाते, मधून जात नाही. नव्या विमानाचं इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं की बांधणारा हौसेने पाव तास तसंच चालवतो, सगळी आळी व्हिडिओ काढते, आणि त्या पाव तासात नव्या सिलिंडरची आतली भिंत चकाकून जाते, रिंगा बसायच्या त्या बसत नाहीत. अशी इंजिनं मी पाहिली आहेत.

आम्ही काय काय केलं ते सांगतो, चुकांसकट.

पहिला संशय मीटरवर. हा संशय मी कुणालाही पहिला घ्यायला सांगेन, कारण तो सगळ्यांत स्वस्त आहे. प्रोब काढून स्वयंपाकघरात नेले, पातेल्यात पाणी उकळलं आणि चारही बुडवले. चारही ९९ च्या आसपास. मग तीन नंबरचा प्रोब एक नंबरला आणि एकचा तीनला लावला. उष्णता प्रोबबरोबर सरकली नाही, सिलिंडरपाशीच राहिली. दिवे आणि अल्टरनेटर चालू-बंद करून पाहिले. आकडा हलला नाही, म्हणजे अर्थिंगची भानगड नाही. (एका हँगरशेजाऱ्याच्या विमानात दिवा लावला की सिलिंडर दहा अंशांनी तापायचा. वायरिंगमध्ये भूत होतं.)

दुसरा विचार पुतण्याचा: पुढची भोकं मोठी करू. दहापैकी नऊ जणांना हेच सुचतं. मी हॅक्सॉ शोधायलासुद्धा उठलो होतो. हँगरशेजारी, ऐंशीच्या घरातला, तीन विमानं बांधलेला, एवढंच म्हणाला, “आत गेलेली हवा बाहेर कुठून जाते, ते आधी दाखवा.” बाहेरचं तोंड अरुंद असेल किंवा आतून गळती असेल, तर पुढचं भोक कितीही मोठं करा, जास्तीची हवा पुढूनच उलटी सांडते आणि विमानाला ओढ लागते ती वेगळीच. पत्रा कापायला दोन मिनिटं लागतात, परत जोडायला काउलिंग नवं करावं लागतं. हॅक्सॉ परत भिंतीवर गेली.

मग इंधन पाहिलं. टेक-ऑफला पूर्ण रिच मिक्स्चरवर तासाला ५४ लिटर. या इंजिनाला ते पुरेसं. ते कमी असतं तर जेट तपासावा लागला असता, कारण पूर्ण पॉवरला इंधन हेसुद्धा थंडाव्याचंच काम करतं. इंटेकच्या गॅस्केटांभोवती निळसर डाग नव्हते, म्हणजे तिथून वारा खात नव्हतं.

मग टायमिंग. डेटा प्लेटवर २५ अंश कोरलेले. आमचा डावा मॅग्नेटो २८ वर निघाला. ठिणगी लवकर पडली तर जळण्याचा भडका पिस्टन वर येत असतानाच उसळतो, सिलिंडर हेड तापतं आणि गंमत म्हणजे एक्झॉस्टचा आकडा मात्र उतरतो. एक्झॉस्ट गार दिसतो म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मॅग्नेटो लावला होता कुणी? मीच. सदतीस वर्षांचा अनुभव त्या संध्याकाळी गप्प बसला.

इथे आम्ही खरी चूक केली. मी टायमिंग जुळवत असताना पुतण्या पलीकडून बॅफल आणि क्रँककेस यांच्यामधल्या फटी लाल सिलिकॉनने भरत होता. दुसऱ्या दिवशी चारही आकडे सातेक अंशांनी उतरले. कशाने उतरले? तो म्हणतो सिलिकॉनने, मी म्हणतो टायमिंगने, आणि आजही फोनवर विषय निघाला की आमची जुंपते. त्या रात्री सूनबाईने, म्हणजे पुतण्याच्या बायकोने, एक वही आणून ठेवली आणि बजावलं, “एका उड्डाणाला एकच बदल. लिहून.” सूनबाई दातांच्या डॉक्टर आहेत. पेशंटच्या तोंडात एका वेळी एकाच दाताला हात लावायची त्यांना सवय.

तीन नंबर आता २२४. बाकीचे जवळपास ठाकठीक, हा हट्टी.

तो सापडला सूनबाईच्याच आरशाने. दात बघायचा तो छोटा, लांब दांड्याचा, वाकड्या मानेचा आरसा. विमान काउलिंग बसवलेल्या अवस्थेत होतं, हँगरचे दिवे घालवले होते. मी खालच्या तोंडातून टॉर्च वर धरला आणि पुतण्याने पुढच्या उजव्या भोकातून आरसा आत सरकवला. वरची खोली काळीकुट्ट दिसायला हवी होती. मागच्या उजव्या कोपऱ्यात चंद्रकोरीसारखी उजेडाची रेघ होती. मी टॉर्च हलवला की रेघ हलत होती. पट्टी मागे दुमडून पडली होती.

काउलिंग काढलं. पट्टी उभी, नीटनेटकी, पुढे झुकलेली. परत बसवलं, आरसा घातला, पुन्हा चंद्रकोर. दर वेळी वरचा भाग खाली बसवताना त्याची कड त्या एका कोपऱ्यात पट्टीला मागे ढकलत होती. आणि तपासायला येणारा प्रत्येक माणूस काय म्हणतो? “काउलिंग काढा.” म्हणजे दोष ज्या क्षणी दिसेनासा होतो, नेमक्या त्याच क्षणी आम्ही सगळे बघायला वाकत होतो. आपल्याला हे पत्र लिहायचं कारण एवढंच आहे.

पट्टीचा कोपरा कापून, एकावर एक चढवून लावला. काठावर कागदाच्या क्लिपा खोचल्या, काउलिंग बसवून काढलं, क्लिपा जिथवर दाबल्या गेल्या त्यावरून पत्र्यापासून काउलिंगचं अंतर किती ते कळलं. एका ठिकाणी क्लिप जराही दबली नव्हती. तिथली पट्टी आखूड होती. तीही बदलली. तीन नंबर २१२.

उरलेलं कारण ज्यांनी लायकमिंग बांधली आहेत त्यांना ठाऊक असतं. या सिलिंडर हेडच्या एका अंगाला फिन अगदी उथळ असतात. तोच सिलिंडर एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला फिरवून बसतो, त्यामुळे ते उथळ अंग दोन नंबरला पुढे येतं आणि तीन नंबरला मागे. मागचा बॅफल तीन नंबरला चिकटून बसवला की हवेला खाली उतरायला जागाच राहत नाही. उपाय हास्यास्पद: बॅफल आणि हेड यांच्यामध्ये एक जाड वॉशर. तेवढ्या फटीतून हवा उतरली. शिवाय दोन फिनांच्या मध्ये ओतकामाचं पातळ पापुद्र्यासारखं अॅल्युमिनियम राहून गेलं होतं, ते लांब कानशीने काढलं. (वहीच्या नियमाप्रमाणे हे दुसऱ्या दिवशी.) वॉशरने १४ अंश खाली आणले, कानशीने दोन. मग अकराव्या तासाच्या आसपास तेल पिणं थांबलं, रिंगा बसल्या, आणि सगळेच सिलिंडर आपापल्या पायरीने आणखी उतरले. १८ अंशांच्या हवेत चढताना तीन नंबर १८९.

तेलाचंही थोडं. आमचं तेल तापलं नाही, पण शेजारच्या हँगरात तापत होतं. कूलर मोठा केला, नळी जाड केली, काही फरक नाही. कूलरकडे तेल वळवणारी थर्मोस्टॅटची छोटी झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नव्हती आणि गरम तेल कूलरला वळसा घालून तसंच परत जात होतं. गरम पाण्याच्या पातेल्यात ती लांबते की नाही ते दिसतं. पातेलं हे विमानाच्या दुरुस्तीतलं फार मोठं हत्यार आहे. रोटॅक्स ९१२ चं दुखणं वेगळं. तिथे हेडना पाणी आणि सिलिंडरना हवा, म्हणून आधी पाण्यात अडकलेला हवेचा बुडबुडा आणि रेडिएटरमागची वाट बघावी. आपल्याकडच्या मायक्रोलाइटवाल्यांना ते मी शिकवायला नको.

तर आता विनंती.

आपण तपासणीला जाल तेव्हा काउलिंग काढून सगळं बघाच: इंधनाच्या नळ्या, सेफ्टी वायर, कंट्रोलच्या केबली, एक्झॉस्टच्या जोडण्या. पण मग काउलिंग परत बसवायला सांगा आणि टॉर्च, आरसा घेऊन पुढच्या भोकातून आत बघा. अंधार करायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. बांधणाऱ्याचा चेहरा त्या पाच मिनिटांत बघण्यासारखा असतो.

आणि आकडे मागा. ‘इंजिन तापमान सामान्य’ असा शेरा कुणी दिला तर तो परत करा. चारही सिलिंडरांचे वेगळे आकडे, चढताना आणि सपाट उडताना, किती वेगाला, कोणत्या उंचीवर, आणि बाहेरची हवा किती अंश. हा शेवटचा रकाना आपल्या देशात सगळ्यांत मोलाचा आहे. बाहेरची हवा जितक्या अंशांनी तापते, तितक्याच अंशांनी सिलिंडर हेडही ढोबळमानाने वर जातं. आमचं १८९ हे १८ अंशांच्या हवेतलं. तेच विमान मे महिन्यात जळगावला ४३ अंशांत चढवलं तर २१४. डिसेंबरात, सकाळी आठ वाजता, पहिल्या गार हवेत उडवून दाखवलेलं विमान डिसेंबरपुरतंच पास होतं. मे महिना आकडेमोडीने कागदावर आणता येतो. तो आणायला सांगा.

तिसरं थोडं नाजूक आहे. बांधणाऱ्याच्या वहीत ‘हे केलं, उपयोग झाला नाही’ अशा ओळी असतील तर त्यांच्याकडे संशयाने बघू नका. माझ्या अनुभवात ज्या वहीत सगळंच पहिल्या फटक्यात जमलेलं असतं, ती वही नंतर एका बैठकीत लिहिलेली असते. आमच्या वहीत मॅग्नेटो चुकीचा लागल्याची ओळ माझ्या सहीसकट आहे. सही करताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू?

कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान २०१६ साली बीकेसीत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ठेवलं होतं, तेव्हा बातम्या आल्या त्या परवानगीच्या, कागदांच्या, नोंदणीच्या. नोंदणी २०१७ मध्ये झाली, त्याचीही बातमी झाली. मीही त्या वाचल्या. त्यांतल्या एकाही बातमीत इंजिनाच्या तापमानाचा आकडा वाचल्याचं मला आठवत नाही. त्यात वार्ताहरांचा दोष नाही. आपल्याकडे घरगुती विमान म्हटलं की गोष्ट फायलीची होते. फाईल लागतेच, नोकरीत मी स्वतः ढिगाने भरल्या आहेत. पण तीन नंबरच्या सिलिंडरला फाईल वाचता येत नाही.

डेटनमध्ये एका रविवारी पुतण्याने मला राइट बंधूंचं विमान बघायला नेलं. त्यांच्या १९०३ च्या इंजिनाची हकिकत मला आधीपासून आवडते. चार्ली टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने ते दुकानात बनवलं. पहिलं इंजिन फेब्रुवारीत चाचणीतच गेलं: पेट्रोल ठिबकून बेअरिंग जाम झाली आणि ढाचाच तडकला. दुसरं ओतावं लागलं. तेही सुरू केल्या केल्या सोळाएक हॉर्सपॉवर द्यायचं आणि तापलं की मिनिटभरात बारावर उतरायचं. त्यांनी ते मोजलं होतं, लिहून ठेवलं होतं, आणि बारावरच उडण्याचा हिशेब केला होता. १७ डिसेंबरला त्या दिवसातलं सर्वांत लांबलेलं उड्डाण ५९ सेकंदांचं होतं. डेटनमधल्या विमानासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. पुतण्याला वाटलं, काका भारावले. मी रेडिएटरच्या नळ्या मोजत होतो.

पुतण्याचं विमान आता ठरवलेले तास संपवून टापूच्या बाहेर जातं. गेल्या महिन्यात पुतण्याने फोनवर चारही आकडे वाचून दाखवले, बाहेरच्या हवेसकट. चार नंबर आता तीन नंबरपेक्षा तीन अंशांनी गरम आहे. त्याला विचारलंय, काउलिंग शेवटचं कधी काढलं होतं.



आपला,
एक निवृत्त मेकॅनिक

ता. क. आरसा आपला आपण आणावा. सूनबाईने त्यांचा परत नेला आहे, आणि तो उकळून घेतला तरी पेशंटच्या तोंडात पुन्हा घालायला त्या तयार नाहीत. नवा घेऊन द्या, असं बिल माझ्या नावाने पाठवलं आहे.